लोखंडाचे नाव आणि गाव

पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्ग येथे १८६३ सालच्या जुलै महिन्याच्या पहिल्या तीन दिवसांत उत्तर आणि दक्षिण या उभय पक्षांच्या तोफखान्यांनी जे लोखंड एकमेकांवर ओतले, त्यातील नेम चुकून मातीत रुतलेले, फुटून विखुरलेले आणि फुटावयाचे राहून गेलेले गोळे पुढे पिढ्यानपिढ्या नांगराच्या फाळाला लागत राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याला नकोशी झालेली सुरुंगशोधक यंत्रे बाजारात आली, आणि अमेरिकी यादवीच्या जुन्या रणभूमींच्या आसमंतात असे लोखंड हुडकणाऱ्या हौशी लोकांचा एक वर्गच उदयास आला. या वर्गाच्या पाठोपाठ, किंबहुना त्याच्या उतावळेपणाला लगाम घालण्याकरिता, निर्माण झालेली विद्या म्हणजे गंजलेल्या लोखंडाची पारख.

या विद्येचा पहिला पाठ निराशेचा असतो. मातीतून निघालेला प्रत्येक वाटोळा गोळा तोफेचा असतोच असे नाही. खनिज दळण्याच्या फिरत्या पिंपात घातलेले गोळे, फाटकाच्या खांबावर शोभेसाठी बसविलेले गोळे, क्रीडांगणावर फेकण्याचा सोळा पौंडी गोळा, हे सारे दहा-वीस पावसाळे मातीत काढले म्हणजे गंज त्यांच्या अंगावर एकच तांबूस झगा चढवितो, आणि घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेली एखादी रणकथा त्यांना उगाच शौर्याचे कुळ बहाल करते. मुरलेला पारखी ही कथा आदराने ऐकून घेतो, परंतु हात घालतो तो कॅलिपर आणि तराजू यांना.

या दोन सामान्य साधनांवर एवढा विश्वास का ठेवावा, याचे उत्तर रणांगणात नसून दप्तरात आहे. अमेरिकेच्या युद्धखात्याने १८६१ साली प्रसिद्ध केलेल्या शस्त्रागाराच्या नियमपुस्तकात प्रत्येक तोफेच्या नळीचा आणि तिच्या गोळ्याचा व्यास नमूद आहे. बारा पौंडी तोफेची नळी ४.६२ इंच तर गोळा ४.५२ इंच, सहा पौंडी तोफेची नळी ३.६७ इंच तर गोळा ३.५८ इंच. ओतशाळेतून आलेला गोळा सरकारी तपासनीस दोन कड्यांनी पारखीत असे. मोठ्या कड्यातून तो सहज पार व्हावा आणि लहान कड्यात अडावा, तरच तो सरकारजमा होई, एरवी नामंजूर. त्या कोष्टकात बारा पौंडी गोळ्यानंतरचा टप्पा एकदम ५.१७ इंचांच्या अठरा पौंडी गोळ्याचा असल्यामुळे, कोणी नेमका पाच इंचांचा गोळा आणून गेटिसबर्गची शपथ घेतली, तरी कारकुनाची वही त्याची साक्ष फेटाळून लावते.

व्यास जुळला तरी वजनाची चौकशी उरतेच. बिडाचा बारा पौंडी भरीव गोळा सुमारे १२.३ पौंड भरतो. तेवढ्याच आकाराचा पोलादी गोळा त्याहून सव्वा पौंडाच्या आसपास जड निघतो आणि आपण कारखान्यातून आल्याची कबुली देतो. उलट वजन सव्वाआठ पौंडांच्या जवळपास आले, तर गोळा पोकळ असल्याचा, म्हणजे आपल्या जुन्या मराठी लिखाणात ज्याला कुलपी गोळा म्हटले आहे त्या जातीचा असल्याचा संशय घ्यावा. मात्र समुद्रतळाशी राहिलेल्या बिडातील लोह झिजून जाऊन मागे हलका कार्बनी सांगाडा उरतो, तेव्हा तराजूचा शब्दही अखेरचा मानू नये.

कुलपी गोळ्याचे कुलूप म्हणजे त्याची बत्ती, आणि पारखीचे खरे कौशल्य येथे पणाला लागते. बोरमान नावाच्या बेल्जियन अधिकाऱ्याने योजलेली मऊ धातूची चकती गोळ्याच्या तोंडाशी बसवीत. तिच्यावर सव्वापाच सेकंदांपर्यंतच्या खुणा असत, आणि गोलंदाज हव्या त्या खुणेवर छिद्र पाडून गोळा कितव्या क्षणी फुटावा हे ठरवी. दक्षिणेकडील कारखान्यांना ही चकती नीट साधेना, म्हणून तिकडचे पुष्कळ गोळे लाकडी किंवा तांब्याच्या बुचात कागदी बत्ती घालून फोडले जात. त्यामुळे गंजाखालचे तोंड पाहून गोळा कोणाच्या पक्षाचा, याचा अंदाज बांधता येतो. आटे पाडलेल्या नळीच्या तोफांचे लांबट गोळे तर आपली जात बुडाशी मिरवितात: पॅरटच्या गोळ्याला पितळेचे वा घडीव लोखंडाचे कडे, हॉचकिसच्या गोळ्याला कमरेभोवती शिशाचा पट्टा, आणि इंग्लंडातून आलेल्या व्हिटवर्थ तोफेचा गोळा चक्क षट्कोनी.

या शास्त्रात चुकीचा दंड कधी कधी प्राणांतिक असतो. कोरडी राहिलेली काळी दारू दीडशे वर्षांतही निवत नाही. २००८ साली व्हर्जिनियात अशा वस्तूंचा दीर्घ अनुभव असलेला एक संग्राहक आरमारी तोफेचा गोळा साफ करीत असता स्फोटाने मरण पावला. म्हणून पोकळपणाचा संशय येताच छिन्नी, ठोकणी व उष्णता दूर ठेवून जाणत्या यंत्रणेला वर्दी देणे, हेच शहाणपण.

इतके सोपस्कार पार पडले, की लोखंडाला नाव मिळते. परंतु आपल्याकडे परक्या माणसाला नाव विचारले की पाठोपाठ गावही विचारतात, आणि हा दुसरा प्रश्न हौशी संग्राहकाच्या कपाटात बहुधा अनुत्तरित राहतो. माँटाना प्रांतात लिटल बिगहॉर्न येथे १८७६ साली झालेल्या लढाईच्या मैदानावर १९८३ मध्ये वणवा लागून गवत जळाले. पुढील वर्षी डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांनी धातुशोधक यंत्रे हाती घेतलेल्या स्वयंसेवकांकरवी ती भूमी पिंजून काढली, पण सापडलेली वस्तू खिशात घालण्याऐवजी तिच्या जागी निशाण रोवून तिची नोंद नकाशावर केली. काडतुसांच्या पुंगळ्यांवर उमटलेल्या आघातपिनेच्या ठशांवरून एकेक बंदूक ओळखू आली, आणि ती मैदानात कोठून कोठे सरकली हेही उलगडले. राष्ट्रीय रणभूमींवर परवान्यावाचून खणण्यास कायद्याने जी मनाई आहे, तिचे मर्म या प्रसंगातून कळते.

दिवाणखान्यातील फळीवर ठेवलेला, घासूनपुसून काळाभोर केलेला बारा पौंडी गोळा आपला व्यास आणि आपले वजन आजही बिनचूक सांगतो. तो कोणत्या टेकडीच्या कोणत्या उतारावर किती खोल रुतला होता, हे मात्र ज्या मातीला ठाऊक होते, ती माती पहिल्याच दिवशी नळाखाली धुऊन गेलेली असते.