शिक्का नव्हे, शेजारधर्म

आमच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागातून बाहेर पडलेले दोन माजी विद्यार्थी एके दिवशी दोन लहान पेट्या घेऊन माझ्याकडे आले. आपल्या बेळगावकडे शेतीपंपाला वीज पुष्कळदा रात्री मिळते. पंप चालू झाला का, विहिरीत पाणी किती उरले, हे पाहायला म्हाताऱ्या माणसालाही कंदील-बॅटरी घेऊन मळ्यात जावे लागते. या मुलांनी एक पेटी विहिरीवर बसवली आणि दुसरी घरात. पहिलीने बिनतारी संदेश पाठवायचा, दुसरीने तो घेऊन सिम कार्डाच्या साहाय्याने मालकाच्या मोबाईलवर कळवायचे. कल्पना उत्तम होती आणि संच चालतही होता.

“सर, सगळं तयार आहे. गिऱ्हाईकंपण आहेत. आता फक्त तेवढा सरकारी शिक्का मारून घ्यायचा राहिलाय,” त्यांच्यापैकी एकजण म्हणाला.

या ‘फक्त’ला पुढे आठ महिने लागले. त्या काळात मीही त्यांच्याबरोबर कागद वाचले, प्रयोगशाळेत गेलो आणि जे वर्गात कधी शिकवले नव्हते ते शिकलो. तेच येथे सांगणार आहे.

प्रमाणपत्र म्हणजे आपले यंत्र चांगले असल्याची पावती, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. दूरसंचाराच्या उपकरणाबाबत खरा प्रश्न निराळा असतो: तुमच्या यंत्रामुळे दुसऱ्याला त्रास होतो का? हा प्रश्न कसा पुढे आला, हे कळण्यासाठी अमेरिकेतील दूरध्वनीचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे.

तेथे अनेक दशके बहुतेक दूरध्वनी एटी अँड टी या एकाच कंपनीच्या ताब्यात होते. तारही तिची आणि यंत्रही तिचेच. बाहेरची कोणतीही वस्तू जोडायला मनाई होती. ‘हश-अ-फोन’ नावाची एक साधी पेल्यासारखी वस्तू होती. बोलण्याच्या तोंडावर ती बसवली की शेजारच्याला बोलणे ऐकू येत नसे. तिच्यात विजेचा संबंधच नव्हता, तरी कंपनीने हरकत घेतली आणि १९५५ साली तेथील संचार आयोगानेही कंपनीचीच बाजू घेतली. १९५६ मध्ये न्यायालयाने तो निर्णय फिरवला. दुसऱ्यांना अपाय होत नसेल तर ग्राहकाने आपला दूरध्वनी आपल्या सोयीने वापरावा, असा त्याचा आशय होता.

पुढे टेक्ससच्या टॉमस कार्टर यांनी बिनतारी यंत्र आणि दूरध्वनी यांची सांगड घालणारे ‘कार्टरफोन’ बनवले. १९६८ साली आयोगाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. तरीही कंपनीचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. कोणी घरगुती विजेचा दाब चुकून तारेवर सोडला तर खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. कोणाचे यंत्र फार मोठा संकेत सोडू लागले तर त्याचे बोलणे शेजारच्या तारेवर ऐकू येईल. मग तोडगा कोणता? १९७५ साली आयोगाने नोंदणीची पद्धत ठरवली. यंत्र कोणीही बनवावे, पण ते जाळ्याला अपाय करत नाही हे ठरलेल्या चाचण्यांनी दाखवावे. दूरध्वनीच्या तारेच्या टोकाला जी लहान पारदर्शक खुंटी असते, तिला आपण ‘आरजे-११’ म्हणतो. त्यातले ‘आरजे’ म्हणजे ‘रजिस्टर्ड जॅक’. त्या नोंदणीची खूण आपण रोज हाताळतो!

यातला मुद्दा महत्त्वाचा आहे. ‘यंत्र कोणाचे?’ या प्रश्नाच्या जागी ‘यंत्र कसे वागते?’ हा प्रश्न आला, आणि लहान कारखानदाराला दार उघडले. प्रमाणपत्राची अट ही केवळ अडसर नसते. मक्तेदारीला दिलेला तो एक पर्यायही असतो.

तारेला जे लागू, ते हवेला अधिकच लागू. तार निदान आपापली असते, हवा मात्र सर्वांची एकच. म्हणून आपल्या देशात अशा संचाला साधारणपणे तीन ठिकाणी तपासणीला सामोरे जावे लागते. वारंवारता आणि प्रक्षेपणशक्ती यांची संमती दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन विंगकडे. जाळ्याला जोडायच्या उपकरणाची सक्तीची चाचणी व प्रमाणपत्र टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग सेंटरकडे. त्यासाठीचे नियम सप्टेंबर २०१७ मध्ये निघाले आणि पहिला टप्पा १ ऑक्टोबर २०१९ पासून अमलात आला. तिसरे ठिकाण भारतीय मानक ब्युरोचे. २०१२ च्या आदेशाने पॉवर अडॅप्टरसारख्या अनेक वस्तूंची नोंदणी तेथे सक्तीची झाली. कोणती वस्तू कोणत्या यादीत बसते हे वेळोवेळी बदलते. म्हणून अर्ज करण्याच्या दिवशीची यादी पाहावी, मित्राने गेल्या वर्षी सांगितलेली नव्हे.

आमची पहिली चूक माझ्या टेबलावरच सापडली. मुलांनी स्वस्तात मागवलेल्या बिनतारी मोड्यूलवर ९१५ मेगाहर्ट्‌झ असे छापले होते. अमेरिकेत ९०२ ते ९२८ हा पट्टा अशा कामाला मोकळा आहे. आपल्याकडे मात्र ८९० ते ९१५ या पट्ट्यात मोबाईल फोन टॉवरशी बोलतात. दूरच्या मोबाईलचा अत्यंत क्षीण संकेत ऐकण्यासाठी टॉवर कान देऊन बसलेला असतो. त्याच्या कानाशी आपण ओरडायचे, असा तो प्रकार झाला असता. भारतात २००५ साली ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा परवान्याविना वापरायला मोकळा झाला आणि २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढला. ‘परवान्याविना’ याचा अर्थ ‘नियमाविना’ असा मात्र नाही. प्रक्षेपकाची शक्ती १ वॅट, अँटेनासह परिणामी शक्ती ४ वॅट आणि वाहक लहरीची रुंदी २०० किलोहर्ट्‌झ, अशा मर्यादा त्याला होत्याच.

मुलांनी नवा सर्किट बोर्ड केला, वारंवारता ८६६ वर आणली आणि संच चाचणीला नेला. तेथे दुसरा धक्का बसला. कोणताही प्रक्षेपक मूळ वारंवारतेबरोबर तिच्या दुप्पट-तिप्पट वारंवारतेवरही थोडे काही सांडत असतो. ८६६ ची दुप्पट १७३२. मोबाईलचा आणखी एक पट्टा १७१० ते १७८५ आहे, म्हणजे आम्ही पुन्हा टॉवरच्या कानाशीच! असे सांडणे अडवायला अँटेनाच्या अलीकडे कॉइल आणि कपॅसिटर यांची एक गाळणी बसवतात. ती आराखड्यात होती, पण “त्याशिवायही संच चालतो” म्हणून मुलांनी तिच्यातले दोन भाग गाळले होते. प्रत्येक संचामागे वाचले होते ते काही रुपये. संच चालत होता हे खरेच, पण त्याची किंमत दुसरा कोणीतरी देणार होता.

तिसरी चूक अडॅप्टरची. नमुना चाचणीला देण्याच्या आठवड्यात नेहमीचा अडॅप्टर बाजारात मिळेना, म्हणून दुसरा स्वस्त घेतला. चाचणीत ठरलेल्या जोडणीतून संचाला वीज देतात आणि १५० किलोहर्ट्‌झ ते ३० मेगाहर्ट्‌झ या टापूत उलट विजेच्या तारांवर किती गोंगाट जातो ते मोजतात. आमचा आलेख मर्यादेच्या रेषेवरून सरळ वर गेला. अडॅप्टर उघडून पाहिला तर गोंगाट अडवणारी कॉइल त्यात नव्हतीच. तिच्या जागी तारेचे दोन तुकडे डाखलेले होते.

याशिवाय आठ हजार व्होल्टपर्यंतच्या स्थिर विजेच्या ठिणग्या, विजेच्या तारेवरून येणारे अचानक झटके, दाब क्षणभर कोसळणे, अशा परीक्षा असतात. त्यांत संच उत्तम उत्तीर्ण झाला. मळ्यातल्या विहिरीवर, वळवाच्या गडगडाटात तो उभा राहणार होता. त्या दृष्टीने मुलांनी मूळचेच काम चोख केले होते.

कागदांच्या बाजूचे एक सूत्र ध्यानात ठेवावे. प्रमाणपत्र तुम्हाला मिळत नाही, ठरावीक नमुन्याला मिळते. त्याचा आराखडा, सुट्या भागांची यादी, आतील प्रणालीची आवृत्ती हे सारे अर्जाबरोबर ठरून जाते. नंतर भाग बदलला की, बदल किती मोठा यावर, पुन्हा कळवणे किंवा पुन्हा चाचणी आलीच. म्हणून यादी आधी पक्की करावी, बाजारात टिकून राहतील असेच भाग निवडावेत आणि अधिकृत चाचणीपूर्वी एकदा खासगी पूर्वचाचणी करून घ्यावी. आमच्या मुलांनी ती टाळली, आणि तेवढ्यासाठी अधिकृत चाचणीचे शुल्क दोनदा भरले. दुसऱ्या वेळचे पैसे एकाच्या वडिलांनी सोसायटीतून कर्ज काढून दिले. हे लिहिताना मला संकोच वाटतो, कारण ‘आधी चाचणी करा’ हे सांगण्याचे काम त्यांच्या शिक्षकाचे होते.

आमच्या अभ्यासक्रमात प्रक्षेपक कसा बनवावा हे आहे. त्याने कुठे गप्प बसावे हे जवळजवळ नाहीच. आता शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक प्रकल्पाच्या पहिल्या पानावर मी तीन प्रश्नांची उत्तरे लिहून मागतो: कोणता पट्टा, किती शक्ती, आणि त्या पट्ट्यात व त्याच्या दुपटीवर शेजारी कोण? मुले आधी कुरकुरतात, मग तक्ते उघडून बसतात.

ते दोघे गेल्या महिन्यात पुन्हा आले होते. पेटीवर आता रीतसर लेबल आहे आणि आत गाळणीचे ते दोन्ही भागही आहेत. मी झाकण उघडून पाहिले. त्यांना त्याचा राग आला नाही.