दवाखान्याच्या दारातली पावती आणि आपला हक्क

मोंढ्यातला व्यापारी हळदीच्या पोत्यामागे अर्ध्या किलोचा फरक पडला तरी काटा पुन्हा तपासायला लावतो. सुतार फळीच्या मापात सूतभर चूक चालवून घेत नाही. पण हीच चोख हिशेबाची माणसे दवाखान्याच्या फाटकात गाडी लावताना हातात पडलेली पावती न वाचताच खिशात घालतात. ती कोणी दिली, कोणाच्या अधिकाराने दिली, तिच्या पाठीमागे बारीक अक्षरांत काय छापले आहे, याची चौकशी कोणी करीत नाही.

हा प्रश्न केवळ रुग्णांच्या नातेवाइकांचा नाही. दवाखाना हे अनेकांच्या रोजीचे ठिकाण आहे. परिचारिका, वॉर्डबॉय, प्रयोगशाळेतील मदतनीस आणि पहारेकरी तर तिथे नोकरीला आहेतच. पण वायरमन, नळजोडणीवाला, एसी दुरुस्त करणारा, गाद्या व पडदे शिवून देणारा, औषधांची खोकी पोहोचवणारा यांचाही रोजचा फेरा तिथेच असतो. वसमतचे कितीतरी कारागीर कामासाठी नांदेडला जातात, तिथल्या डॉक्टर लेनमध्ये दिवसातून दोन-तीन दवाखाने गाठतात. समजा, एका ठिकाणी दुचाकीचे दहा रुपये घेतले जातात. महिन्याचे २६ दिवस धरले तर २६० रुपये आणि वर्षाचे ३,१२० रुपये झाले. दोन ठिकाणी जावे लागले तर दुप्पट. त्यातच एखाद्या दिवशी ‘चुकीच्या जागी गाडी लावली’ म्हणून पाचशेची चिठ्ठी चिकटवली गेली, तर त्या दिवसाची मजुरीच गेली म्हणायची.

अशा वेळी आपल्याकडे दोनच प्रकार दिसतात. एक तर माणूस वाद नको म्हणून मुकाट्याने पैसे देतो, नाही तर चिठ्ठी फाडून फेकतो आणि ‘बघू काय करतात ते’ म्हणतो. आमच्या मते दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. तिसरा मार्ग लेखी हरकतीचा आहे, आणि तो दिसतो तितका अवघड नाही.

शुल्क वेगळे, दंड वेगळा

प्रथम एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. गाडी उभी करण्यासाठी जागा दिली आणि तिचे भाडे घेतले, तर ते शुल्क होय. नियम मोडला म्हणून सरकारने रक्कम वसूल केली, तर तो दंड होय. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील दंड घेण्याचा अधिकार पोलिसांना व शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्यांना आहे. चुकीच्या जागी लावलेली गाडी उचलून नेणे किंवा चाकाला जॅमर लावणे, याची परवानगीही त्या कायद्याच्या १२७ व्या कलमाप्रमाणे गणवेशातील पोलीस अधिकारी देऊ शकतो. खासगी ठेकेदाराला या कायद्याने असा अधिकार दिलेला नाही.

मग ठेकेदाराच्या पावतीवर ‘दंड’ असे छापलेले असते त्याचा अर्थ काय? अर्थ एवढाच की, फलकावर लिहिलेल्या अटी गाडीवाल्याने मान्य केल्या आणि नंतर मोडल्या, असे ठेकेदाराचे म्हणणे आहे. म्हणजे हा करारभंगाचा दावा झाला. त्याला भारतीय करार कायदा, १८७२ लागू होतो. या कायद्याच्या ७४ व्या कलमानुसार करारात मोठी रक्कम लिहिली असली तरी ती जशीच्या तशी मिळत नाही. त्या रकमेच्या मर्यादेत, वाजवी तेवढीच भरपाई मिळते. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये हे तत्त्व स्पष्ट केले आहे. गाडीवाला देत नसेल तर ठेकेदाराने दिवाणी न्यायालयात जावे. चावी हिसकावणे, गाडी साखळीने बांधून ठेवणे ही वसुलीची कायदेशीर रीत नव्हे. तसे झाले तर हातघाईवर न येता ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे.

कार्डिफचा धडा

दवाखान्यातील कर्मचारी विरुद्ध पार्किंगचा ठेकेदार असा सरळ सामना ब्रिटनमधील वेल्स प्रांतात, कार्डिफ शहरात झाला. तो आमच्या वाचकांनी मुद्दाम समजून घेण्यासारखा आहे. तेथील युनिव्हर्सिटी हॉस्पिटल ऑफ वेल्समध्ये पार्किंगची व्यवस्था इंडिगो नावाच्या खासगी कंपनीकडे होती. कामाला येणाऱ्यांना जागा पुरत नसे, आणि गाडी कुठेतरी लावली की पावती चिकटे. अनेकांनी पैसे भरण्यास नकार दिला. कंपनी न्यायालयात गेली. जुलै २०१७ मध्ये तीन कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात निकाल लागला आणि तो कंपनीच्या बाजूने गेला. त्याचा फटका सुमारे ७५ कर्मचाऱ्यांना बसणार होता. एकेका पावतीची रक्कम वाढत वाढत १२८ पौंडांवर गेली होती. त्या वेळच्या दराने हे दहा हजार रुपयांहून अधिक होतात, आणि काहींच्या नावावर तर अशा कितीतरी पावत्या साचलेल्या होत्या.

तेथील न्यायालये अशा बाबतीत फलकाला फार महत्त्व देतात. दोनच वर्षांपूर्वी, ४ नोव्हेंबर २०१५ रोजी, ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एका खरेदी-संकुलातील ८५ पौंडांची आकारणी वैध ठरवली होती. तिथे दोन तास मोफत होते, गाडी ५६ मिनिटे जास्त थांबली, आणि फलक मोठे व स्पष्ट होते. ब्रिटनचा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही हे खरे. पण तिथे जे पावत्या न भरता बसून राहिले, त्यांची रक्कम महिन्या-महिन्याला फुगत गेली, हे सत्य कोणत्याही देशातील कर्जदाराला ओळखीचे वाटेल.

मात्र गोष्ट इथे संपत नाही. वेल्समध्ये २००८ पासूनच सरकारी रुग्णालयांतील पार्किंग मोफत करण्याचे धोरण होते. जिथे खासगी कंपन्यांशी जुने करार होते तिथेच आकारणी चालू राहिली होती. कार्डिफचा तो ठेकाही अखेर २०१८ मध्ये आटोपला आणि पार्किंग मोफत झाले. म्हणजे जे न्यायालयात मिळाले नाही, ते ठेका संपल्यावर मिळाले. यातून आम्ही दोन गोष्टी घेतो. आकारणी मान्य नसेल तर ती साचू न देता पहिल्याच पावतीला हरकत घ्यावी. आणि ठेकेदाराशी भांडत बसण्यापेक्षा ज्याने ठेका दिला त्या रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला प्रश्न विचारावा, कारण दर आणि सवलती त्याच्या करारात ठरतात.

आपल्याकडे काय स्थिती आहे

आपल्याकडे ‘इमारतीतले पार्किंग नेहमी मोफतच असले पाहिजे’ असे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. स्थिती तितकी सरळ नाही. गुजरात उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये मॉलवाल्यांना पार्किंगचे पैसे घेता येणार नाहीत असे म्हटले. उलट केरळ उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये कोचीच्या लुलू मॉलची आकारणी योग्य ठरवली. तेलंगणा सरकारने मार्च २०१८ च्या आदेशाने व्यापारी संकुलांत पहिली ३० मिनिटे मोफत ठेवली, आणि पुढेही खरेदीचे बिल दाखवणाऱ्याला सवलत दिली. प्रत्येक राज्याचा कायदा आणि प्रत्येक जागेचा परवाना वेगळा आहे. म्हणून ऐकीव माहितीवर भांडण उभे करू नये.

महाराष्ट्रात २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली नगर परिषदांनाही लागू आहे. तिच्याप्रमाणे रुग्णालयाच्या इमारतीसाठी ठराविक प्रमाणात वाहनतळाची जागा सोडावी लागते. मंजूर नकाशातील ती जागा दुकानांना देऊन टाकली असेल आणि मग ‘जागा नाही’ म्हणून कर्मचाऱ्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या जात असतील, तर हा हरकतीचा भक्कम मुद्दा ठरतो. नकाशाबाबत नगर परिषदेत चौकशी करता येते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हाही कामाचा आहे. सेवेचे पैसे घेऊन पावती न देणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. नुकसानीच्या मानाने अगदीच अवाजवी दंड लादणारी अट ‘अनुचित करार’ या व्याख्येत येते. फक्त अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगाकडे न जाता राज्य आयोगाकडे जाते, हे ध्यानात ठेवावे.

‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ असे पावतीवर छापले की ठेकेदार सुटला, हाही गैरसमज आहे. दिल्लीच्या एका मोठ्या हॉटेलात पाहुण्याने नोकराच्या ताब्यात दिलेली मोटार १९९८ मध्ये चोरीला गेली. सर्वोच्च न्यायालयाने १४ नोव्हेंबर २०१९ रोजी निर्णय दिला की, गाडी ताब्यात घेतल्यावर योग्य काळजी घेण्याचे कर्तव्य अशा छापील ओळीने टळत नाही. मात्र त्या प्रकरणात चावी दिलेली होती. केवळ मोकळ्या जागेत स्वतः गाडी लावली असेल, तर ठेकेदाराने ताबा घेतला होता हे आपल्याला दाखवावे लागेल.

पावती हातात आल्यावर

सर्वप्रथम फलकाचे छायाचित्र मोबाइलवर घ्यावे. दर, वेळ, ठेकेदाराचे नाव आणि तक्रारीचा पत्ता त्यावर आहे का, अंधारात तो वाचता येतो का, हे त्यात दिसले पाहिजे. गाडी जिथे होती तिथलेही छायाचित्र असावे. कर्मचाऱ्याने त्या दिवसाचा ड्यूटीचा तक्ता किंवा हजेरीची नोंद जपावी. कामासाठी बोलावलेल्या कारागिराने बोलावणे आल्याचा संदेश पुसू नये.

पावतीवर जीएसटी लावला असेल तर १५ अक्षरांचा नोंदणी क्रमांक पाहावा. महाराष्ट्रातील क्रमांक २७ या आकड्याने सुरू होतो. क्रमांक नाही आणि कर मात्र घेतला, तर तो कशाचा हे विचारण्याचा हक्क आहे. मोबाइलवरून पैसे दिल्यास ते कोणाच्या नावावर गेले ते बघावे. ठेका एका संस्थेचा आणि पैसे तिसऱ्याच माणसाच्या खात्यात, असा प्रकार दिसला तर व्यवस्थापनाला जरूर कळवावे. गाडी तातडीने सोडवायची असेल आणि पैसे देणे भाग पडले, तर पावतीच्या प्रतीवर ‘हरकत राखून रक्कम भरली’ असे लिहावे. त्यानंतर लगेच रुग्णालयाकडे अर्ज द्यावा. अर्जाचा नमुना असा :

‘प्रति, व्यवस्थापक / वैद्यकीय अधीक्षक. विषय : पार्किंगच्या आकारणीस हरकत. महोदय, मी आपल्या रुग्णालयात ... हे काम करतो. दिनांक ... रोजी माझ्या ... क्रमांकाच्या वाहनावर ... रुपयांची पावती क्रमांक ... देण्यात आली. पुढील कारणांमुळे ती मला मान्य नाही : ... . आकारणीचा अधिकार देणारा करार, मंजूर दरपत्रक आणि कर्मचाऱ्यांसाठी ठेवलेली जागा यांची माहिती द्यावी. निर्णय होईपर्यंत वसुली थांबवावी. सोबत छायाचित्रे व पावतीची प्रत.’

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. पोच दिली नाही तर टपालाने नोंदणी करून पाठवावा. रुग्णालय सरकारी असेल, किंवा जागा नगर परिषदेची असेल, तर माहितीचा अधिकार कायदा, २००५ खाली दहा रुपये फी भरून ठेक्याची प्रत मागता येते. महाराष्ट्रात असा अर्ज एका विषयावर व १५० शब्दांच्या आत असावा लागतो. माहिती ३० दिवसांत मिळायला हवी.

तरीही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग, म्हणजे वसमतकरांना हिंगोली. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. वकील लावलाच पाहिजे असे नाही. धंद्याच्या मालवाहू टेम्पोबाबत मात्र समोरचा पक्ष ‘हा व्यापारी वापर आहे’ असा आक्षेप घेऊ शकतो, याची जाणीव ठेवावी.

एकट्याच्या अर्जापेक्षा दहा जणांचा अर्ज वजनदार ठरतो. रुग्णालयात नियमित येणाऱ्या कारागिरांनी व कर्मचाऱ्यांनी मिळून मासिक पास, रात्रपाळीला सवलत आणि काम चालू असेपर्यंत मोफत जागा अशी मागणी व्यवस्थापनापुढे ठेवावी. ठेक्याची मुदत संपत आली असेल तर नवा करार होण्यापूर्वीच ती पुढे करावी. करारावर सह्या झाल्यावर केलेली मागणी बहुधा पुढच्या ठेक्यापर्यंत लांबते.

ठेकेदार बंधूंनाही दोन शब्द

पार्किंगचे ठेके घेणारेही आपल्याच बाजारातले लोक असतात. त्यांनी लिलावात रक्कम भरलेली असते, माणसांचे पगार द्यायचे असतात. त्यांचे शुल्क हक्काचे आहे आणि ते बुडवणे योग्य नाही. पण जो ठेकेदार दर मोठ्या अक्षरांत लावतो, पावती देतो आणि रात्रपाळीच्या परिचारिकेला जागा राखून ठेवतो, त्याच्या फाटकात भांडण क्वचितच होते. जो अंधारात फलक लपवून चिठ्ठ्या चिकटवतो, त्याची कमाई पोलीस ठाण्याच्या आणि आयोगाच्या खेपांत जाते.

लेखी प्रश्नाला लेखी उत्तर द्यावे लागते, आणि उत्तर टाळले तर टाळल्याचीही नोंद राहते. काटा तपासून घेणाऱ्या व्यापाऱ्याला कोणी भांडखोर म्हणत नाही. पावती तपासून घेणाऱ्यानेही संकोच करू नये.