आधी फट, मग शीट
मोटरहोममधला आवाज आणि उष्णता कमी करताना

मे महिन्यात भर दुपारी खंबाटकी चढताना आमच्या मोटरहोमच्या पुढच्या सीटांवर बसवत नसे. इंजिन दोन सीटांच्या मधोमध, त्यामुळे चालकाचा डावा पाय आणि शेजारच्याचा उजवा पाय भाजून निघायचा. मागच्या बाकावरून कुणी काही विचारलं तर उत्तर ओरडून द्यावं लागायचं. कंटाळून आम्ही छताला, भिंतींना आणि दारांना सगळीकडे चांदीच्या पाठीची काळी चिकट शीट मारून घेतली. खर्च बराच झाला, गाडीचं वजन साठ किलोंनी वाढलं आणि आवाज जवळजवळ होता तिथेच राहिला. पुढचं वर्षभर गाडी खालून-वरून तपासत गेलो तेव्हा चूक कळली. शीट चांगलीच होती, पण कामाचा क्रम उलटा झाला होता.

आपल्याकडच्या बऱ्याच मोटरहोम टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेल्या असतात. पुण्याच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, १९८७ मध्ये मर्सिडीजच्या टी-१ व्हॅनवरून ही गाडी आणली. अशा आखूड नाकाच्या गाड्यांत इंजिनाचा काही भाग केबिनमध्ये येतो आणि त्यावर उचलता येणारं झाकण असतं. ड्रायव्हरमंडळी त्याला बॉनेटच म्हणतात. जुन्या एसटीत ड्रायव्हरच्या डाव्या हाताला असलेलं फुगीर बॉनेट ज्यांनी पाहिलंय, त्यांना वेगळं सांगायला नको. या रचनेत गाडीची लांबी वाचते आणि मागे राहायला जागा मिळते. मात्र इंजिन आणि माणूस यांच्यामध्ये एक झाकण आणि त्याच्या कडेची रबरी पट्टी एवढंच उरतं.

कामाला हात घालण्याआधी आवाजाचं गणित समजून घ्यायला हवं, कारण इथेच बहुतेकांची निराशा होते. इंजिनाचा आवाज ७५ डेसिबल आणि चाकांचाही ७५ डेसिबल असेल, तर दोन्ही मिळून ७८ होतात. आता इंजिन पूर्ण गप्प केलं तरी ७५ उरतात. तीन डेसिबलचा फरक कानाला जेमतेम जाणवतो. आवाज निम्मा झाला असं वाटायला साधारण दहा डेसिबल उतरावे लागतात. म्हणून पहिलं काम केल्यावर ‘काहीच फरक नाही’ असं वाटतं आणि माणूस हात टेकतो. फरक पडलेला असतो, पण उरलेला आवाज त्याला झाकून टाकतो. दुसरं, तिसरं काम झालं की एकदम शांत वाटू लागतं.

तेव्हा आधी आवाज कुठला ते ओळखायचं. सपाट, मोकळ्या रस्त्यावर एकाच वेगाने आधी एका गिअरमध्ये आणि मग त्याच्या खालच्या गिअरमध्ये गाडी चालवा. गिअरबरोबर आवाजाचा सूर बदलला तर तो इंजिनाचा किंवा सायलेन्सरचा. गिअर बदलूनही तोच सूर राहिला तर तो टायर, चाकाचं बेअरिंग, प्रोपेलर शाफ्ट किंवा वाऱ्याचा. सिमेंटच्या रस्त्यावरून डांबरी रस्त्यावर आल्याबरोबर आवाज उतरला तर तो टायरचा. मोबाइलवरचं आवाज मोजायचं ॲप आधी आणि नंतरची तुलना करायला पुरेसं आहे. मात्र रस्ता, वेग आणि मोबाइलची जागा तीच ठेवा. असली ॲप बहुधा ‘ए’ मापनावर चालतात. त्यात ८० हर्ट्झच्या आसपासचा खर्ज वीसहून अधिक डेसिबलने कमी धरला जातो. म्हणजे छातीत घुमणारा आवाज आकड्यात जवळजवळ दिसतच नाही. त्यासाठी आपल्याच कानावर भरवसा ठेवावा.

हा खर्ज येतो कुठून? चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोनदा ज्वलन होतं. इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ४० फेरे, म्हणजे ८० ठोके होतात. ८० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सव्वाचार मीटरच्या आसपास भरते. एवढ्या लांब लहरीला इंचभर जाडीचा फोम अडवू शकत नाही. तो आवाज बहुतांशी हवेतून येतही नाही. इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं त्या फाउंडेशनमधून तो सांगाड्यात उतरतो आणि गाडीचे पत्रे ढोलासारखे वाजवतो. फाउंडेशनचं रबर दबून लोखंडाला लोखंड टेकलं असेल, किंवा सायलेन्सर टांगणाऱ्या रबरांपैकी एखादं तुटून पाइप चासीला घासत असेल, तर आत कितीही शीट लावा, घुमणं जाणार नाही. म्हणून गाडी आधी पिटवर घ्या. फाउंडेशन, सायलेन्सरची रबरं, प्रोपेलर शाफ्टचं सेंटर बेअरिंग आणि पाट्यांचे बुश पाहून घ्या. हे मेकॅनिकचं काम आहे. त्याचा खर्च शीटपेक्षा कमी आणि फायदा जास्त.

आता बॉनेटकडे येऊ. क्लॅम्प सोडून आमचं बॉनेट पहिल्यांदा नीट उचलून पाहिलं, तेव्हा कडेची रबरी पट्टी चालकाच्या बाजूला चपटी होऊन कडक झालेली होती. नखाने दाबली तर दबायच्या ऐवजी तडकली. मागच्या कोपऱ्यात तर वीतभर पट्टीच नव्हती. त्या कोपऱ्यासमोर केबिनच्या मॅटवर काजळीचा एक डाग होता, हातपंख्यासारखा पसरत गेलेला. इंजिनातली गरम हवा, आवाज आणि धूर तिघेही कुठून आत येत होते ते त्या डागानेच दाखवलं. त्याच्यावर पाय ठेवून आम्ही दोन वर्षं फिरलो होतो.

ही फट किती महाग पडते ते मोजता येतं. बॉनेटचा पृष्ठभाग १.२ चौरस मीटर, म्हणजे १२,००० चौरस सेंटिमीटर धरा. कडेचा परीघ तीन मीटर आणि सगळीकडे चार मिलिमीटरची फट असेल, तर उघडी जागा १२० चौरस सेंटिमीटर झाली. हे बरोबर एक टक्का. झाकणाचा एक टक्का भाग उघडा असेल तर आवाजाचा शंभरावा हिस्सा त्यातून बेधडक आत येतो. म्हणजे ते झाकण २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवूच शकत नाही, मग बाकीचे ९९ टक्के शिशाचे केले तरी. साठ किलो शीट लावण्याआधी आम्ही तीन मीटर रबर बदलायला हवं होतं.

फट शोधायच्या दोन साध्या रीती आहेत. रात्री एकाने केबिनमध्ये अंधारात बसायचं आणि दुसऱ्याने इंजिनाच्या खालून बॅटरीचा झोत फिरवायचा. जिथे उजेड दिसेल तिथे खडूने खूण करायची. दुसरी रीत कागदाच्या पट्टीची. पट्टी रबरावर ठेवून बॉनेट किंवा दार लावा आणि पट्टी ओढा. अडकत अडकत निघाली तर रबर ठीक, अलगद सुटून आली तर तिथे दाब नाही. क्लच आणि ब्रेकच्या दांड्यांभोवती, गिअर लिव्हरच्या बूटाखाली, स्टिअरिंगचा दांडा खाली जातो तिथे आणि वायरिंगच्या भोकांत हटकून फटी सापडतात. आमच्याकडे मागच्या बॅटरीसाठी नंतर ओढलेल्या जाड वायरीचं भोक अंगठ्याएवढं होतं आणि त्यात ग्रोमेट नव्हतं. भोक बुजवताना वायर पत्र्याला घासणार नाही हे आधी पाहा. घासली तर शॉर्टसर्किट ठरलेलं. बॉनेटसाठी उष्णता आणि तेल सहन करणारं पोकळ रबर घ्या. दरवाज्याची साधी फोमपट्टी तिथे एक उन्हाळाही टिकत नाही.

फटी बुजल्यावर उष्णतेकडे वळायचं. ती तीन वाटांनी येते: पत्र्यातून वाहत, गरम हवेबरोबर, आणि तापलेल्या पृष्ठभागाकडून थेट किरणांनी. चुलीसमोर बसल्यावर तोंडाला जी धग लागते ती तिसरी वाट. गरम हवा फटींबरोबर बरीचशी थांबते. किरणांची धग चकचकीत ॲल्युमिनियम परत पाठवतं, पण त्याच्या आणि तापलेल्या भागाच्या मध्ये हवेची जागा असेल तरच. दोन थरांमध्ये घट्ट दाबून बसवलेली चांदी काहीही परावर्तित करत नाही; ॲल्युमिनियम उष्णता उत्तम वाहून नेतं, आणि तिथे तेच काम करतं. म्हणून बॉनेटच्या आतून चांदीचा पृष्ठभाग इंजिनाकडे उघडा हवा. सायलेन्सरवरच्या फरशीला खालून ॲल्युमिनियमचा पत्रा बोटभर अंतर राखून बसवायचा, खाली-वर हवा खेळती ठेवून. लेझरच्या थर्मामीटरने तपमान पाहत असाल तर चांदीवर सरळ रोखू नका, आकडा फसवा येतो. काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, तो तापू द्या आणि त्यावर मोजा.

इथे आगीचा धोका आहे, तेव्हा सावध राहा. गादीचा फोम, थर्मोकोल, साधं जूट फेल्ट यांना इंजिनाजवळ थारा देऊ नका. ही डिझेल-ऑइल पितात आणि पेट घेतात. बीएस-६ डिझेल गाडीत धुरातली काजळी साठवणारा फिल्टर असतो. तो स्वतःला जाळून साफ करतो तेव्हा आतलं तपमान सहाशे अंशांच्या घरात जातं. त्याला किंवा त्याच्या सेन्सरना काहीही गुंडाळू नका. जुन्या गाडीच्या सायलेन्सर पाइपला गुंडाळायची पट्टी बाजारात मिळते, पण ती पावसाळ्यात ओल धरते आणि आतून पाइप गंजवते. कोकणात फिरणाऱ्याने ती टाळावी. इंजिन खालूनही बंदिस्त करू नका. रेडिएटरमधून आलेल्या गरम हवेला बाहेर पडायला वाट लागते. आणि पायाशी सतत उबदार वारा येत असेल तर हीटरचा कॉक पाहा. तो नीट बंद होत नसेल तर इंजिनाचं उकळतं पाणी ऐन उन्हाळ्यातही हीटरमधून फिरत राहतं.

आता शीटची पाळी. काळी ब्यूटाइल शीट आवाज अडवत नाही, ती पत्र्याचं थरथरणं मारते. पत्र्याच्या मधोमध बोटाने टकटक करा. ‘टण्ण’ वाजला तर शीट हवी, ‘ठक्’ वाजला तर नको. पत्रा पूर्ण झाकायचीही गरज नसते. मधला पाव ते निम्मा भाग पुरतो, कारण पत्रा सर्वांत जास्त हलतो तो तिथेच. दोन मिलिमीटरची शीट चौरस मीटरला तीन-चार किलो भरते, हे लक्षात घेतलं तर हात आपोआप आवरता राहतो. पत्रा स्पिरिटने पुसून, शीट रोलरने दाबून बसवा. आत हवा राहिली तर ती जागा फुकट जाते. स्वस्त डांबरी शीट घेऊ नका. उन्हात ती मऊ पडून ओघळते आणि वास महिनोन्महिने जात नाही. आवाज अडवायला वजनदार, लवचिक पडदा लागतो, आणि तो पत्र्याला न चिकटवता मध्ये फोमचा थर देऊन अंथरावा लागतो. आम्ही तो फक्त केबिनच्या फरशीवर आणि मागच्या चाकांवरच्या कमानींवर घातला. खडी उडून ताडताड वाजायचं ते थांबलं.

रस्त्याच्या आवाजावर खरं औषध टायर आहे. खोल आडव्या खाचांचे लग टायर चिखलात चांगले, पण हायवेवर ते गुरगुरतात; उभ्या रेघांचे रिब टायर शांत असतात. टायरवरून तळहात एकदा पुढे, एकदा मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर तो वाकडा झिजलाय. ॲलाइनमेंट आणि शॉकॲब्सॉर्बर पाहा. वाऱ्याचं गणित तर फार कडक आहे. वेग दुप्पट झाला तर त्याचा आवाज सुमारे १८ डेसिबलने वाढतो. ताशी ८० ऐवजी ६५ ने चालवलं तर फुकटात पाच डेसिबल उतरतात. टपावरचं कॅरिअर रिकामं असेल तर काढून ठेवा.

छताबद्दल थोडक्यात. भर दुपारी चौरस मीटरला सुमारे एक हजार वॉट ऊन पडतं. नऊ चौरस मीटरच्या छतावर नऊ किलोवॉट. पांढरा रंग त्यातलं निम्म्याहून जास्त परत पाठवतो, म्हणून आधी रंग आणि मग आतून बंद पेशींचा इंचभर फोम. छताच्या आडव्या पट्ट्याही झाका, नाहीतर उष्णता त्यांच्यातून उतरते. दारांच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात, ती मात्र कधीच बुजवू नका. काचांना फिल्म लावण्यापेक्षा गाडी उभी असताना चांदीचे पडदे लावा. नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत यायलाच हवा.

हे सगळं झाल्यावर घरातलाच खडखडाट ऐकू येऊ लागतो. स्टीलच्या ताटांमध्ये फडकी घाला, ड्रॉवरच्या कडांना फेल्ट लावा, सिलिंडरला पट्टा घट्ट करा. एका संध्याकाळीत होतं.

आणि एक कळकळीची विनंती. फटी बुजवल्या की गाडीत आपोआप खेळणारी हवाही थांबते. आपली मुलं त्याच डब्यात झोपतात आणि गॅसही तिथेच पेटतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपायच्या जागेजवळ त्याचा अलार्म बसवा, आणि छताची खिडकी उघडल्याशिवाय शेगडी पेटवू नका.