नेट गेलेलं नाही, पत्ता सापडत नाही

मंडळी, गिरडच्या टेकडीवरचा दर्गा पाहुण्याला फारसा विचारावा लागत नाही. पण गावातलं एखादं घर शोधायचं तर चौकात विचारावंच लागतं. संगणकाचंही तसंच आहे. आपण सातबाऱ्याच्या संकेतस्थळाचं नाव टाकतो. त्याला मात्र आकड्यांतला पत्ता हवा असतो. तो सांगतो डीएनएस सर्व्हर. ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली.

आता, ज्याला विचारलं तो गप्पच राहिला तर? तो बंद आहे की नुसता सावकाश आहे, हे संगणकाला कळायला मार्ग नाही. म्हणून तो थांबतो. लिनक्सच्या जुन्या, साध्या पद्धतीत ५ सेकंद थांबतो आणि मग यादीतल्या दुसऱ्या सर्व्हरला विचारतो. दोन्ही गप्प असतील तर अशा दोन फेऱ्या होतात. म्हणजे २० सेकंद गेल्यावर तो हात टेकतो.

गंमत पुढेच आहे. पहिला सर्व्हर बंद आहे, हे ही पद्धत लक्षात ठेवत नाही. प्रत्येक नव्या नावासाठी पुन्हा पहिल्याच्याच दारात, पुन्हा ५ सेकंद! अलीकडच्या काही प्रणाली मात्र उत्तर देणाऱ्या सर्व्हरलाच धरून राहतात.

आणखी एक बारकावा बघा. पहिल्याने ‘असं नावच नाही’ असं सांगितलं, तर संगणक दुसऱ्याला विचारत नाही. नकार हेही उत्तरच. दुसरा सर्व्हर साधारणपणे पहिला गप्प बसला किंवा अडखळला तरच कामी येतो.

हे आपल्याला का कळायला हवं? सेवा केंद्रात ‘नेट नाही, उद्या या’ असं ऐकून माणूस परततो तेव्हा त्याची दिवसाची मजुरी बुडते. अशा वेळी आधी ८.८.८.८ या पत्त्याला पिंग करून पाहावं. तिकडून उत्तर आलं आणि नावाने काहीच उघडत नसेल, तर लाइन ठीक आहे. अडलंय ते नाव शोधण्यात. मग चालू असलेला सर्व्हर यादीत पहिला लिहायचा आणि दुसरा वेगळ्या कंपनीचा ठेवायचा. दोन्ही एकाच ठिकाणचे असले, तर गप्पही एकदमच होतील.