रजोनिवृत्तीनंतरचे आयुष्य : ऑर्का आजीची गोष्ट

प्राणिसृष्टीत बहुतेक माद्यांची प्रजननक्षमता आणि आयुष्य साधारणपणे एकत्रच मावळते. रजोनिवृत्तीनंतरही तीन-चार दशके जगणारी स्त्री हा या नियमाचा ठळक अपवाद होय. या अपवादात तिला सोबत आहे ती फार थोड्या प्राण्यांची, आणि त्यांतील बहुतेक समुद्रात राहतात. ऑर्का, बेलुगा आणि नारव्हाल यांच्यासह दात असलेल्या देवमाशांच्या पाच जातींत माद्या प्रजनन थांबल्यावरही दीर्घकाळ जगतात. त्यांपैकी ऑर्काचा अभ्यास सर्वांत सखोल झाला आहे.

कॅनडा आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत ऑर्कांची काही कुटुंबे राहतात. १९७०च्या दशकात मायकेल बिग या कॅनडातील संशोधकाने त्यांच्या पाठीवरील पराची ठेवण आणि खुणा छायाचित्रांतून टिपून प्रत्येक प्राण्याची ओळख पटवण्याची पद्धत रूढ केली. तेव्हापासून कोण कोणाची आई, कोण कोणाची आजी, याची नोंद ठेवली जात आहे. माणसांच्या वंशावळीसारखीच ही वंशावळ आहे.

ऑर्का मातेचा गर्भकाळ सुमारे सतरा महिन्यांचा असतो आणि एका वेळी बहुधा एकच पिल्लू जन्मते. पिल्लाला एक-दोन वर्षे आईचे दूध मिळते. उत्तर अटलांटिकच्या बर्फावर राहणारी हुडेड सील पिल्लाला अवघे चार दिवस पाजते. तिच्या दुधात साठ टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असल्याने एवढ्या अवधीत पिल्लाचे वजन जवळजवळ दुप्पट होते आणि मग आई निघून जाते. ऑर्का मातेचे मातृत्व मात्र पिल्लू मोठे झाल्यावरही संपत नाही. या कुटुंबांतील मुलगे आणि मुली आयुष्यभर आईच्याच कळपात राहतात. वाढलेल्या मुलालाही आई आपल्या तोंडातला साल्मन मासा तोडून देते.

या आधाराचे मोल २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून समोर आले. आईच्या मृत्यूनंतरच्या वर्षात तिशी ओलांडलेल्या मुलाच्या मृत्यूची शक्यता सुमारे चौदा पटींनी वाढत असल्याचे त्यात आढळले. त्याच वयाच्या मुलींमध्ये ही वाढ तिपटीहून कमी होती.

ऑर्का मादी चाळिशीच्या सुमारास पिल्ले देणे थांबवते, पण त्यानंतरही अनेक वर्षे, क्वचित ऐंशीच्या पुढेही जगते. या काळात ती काय करते? साल्मनच्या शोधात निघालेल्या कळपाच्या अग्रभागी बहुधा प्रजनन थांबलेली मादी असते. ज्या वर्षी मासे कमी असतात, त्या वर्षी तिचे हे नेतृत्व अधिक ठळकपणे दिसते. कोणत्या ऋतूत कोठे अन्न मिळेल, हे तिने दीर्घ अनुभवातून जाणलेले असते. आजी गेल्यावर पुढील दोन वर्षांत नातवंडांच्या मृत्यूचा धोका सुमारे साडेचार पटींनी वाढतो, असे २०१९ सालच्या संशोधनात दिसून आले.

मग प्रजनन थांबते तरी का? आई आणि मुलगी एकाच काळात पिल्लांना जन्म देतात तेव्हा अन्नासाठी स्पर्धा होते आणि त्यात आईचे पिल्लू दगावण्याची शक्यता अधिक असते. म्हणून उतारवयात नवे पिल्लू वाढवण्यापेक्षा असलेल्या मुला-नातवंडांना जगवणे अधिक हिताचे ठरते, असे संशोधकांचे मत आहे.

या मायेची किंमतही आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, जिवंत मुलगा असलेल्या मातेला पुन्हा यशस्वीपणे पिल्लू होण्याची वार्षिक शक्यता जवळपास निम्म्याने घटते. मुलगा कितीही मोठा झाला, तरी आईवरचा हा भार हलका होत नाही.

प्राण्यांचे वर्तन माणसाला जसेच्या तसे लागू करू नये. तरीही दोन गोष्टी विचारात घेण्याजोग्या आहेत. पहिली, रजोनिवृत्तीनंतरचे आयुष्य म्हणजे केवळ उरलेला काळ नव्हे. 'आता माझा काय उपयोग' असे म्हणणाऱ्या ज्येष्ठ भगिनींनी हे अवश्य ध्यानी घ्यावे. घरात आजारपण किंवा आर्थिक ओढाताण आली, की पूर्वी तसा प्रसंग निभावलेल्या व्यक्तीचा सल्ला मोलाचा ठरतो. तो आवर्जून मागावा.

दुसरी गोष्ट घरातील तरुणांसाठी. आजी आहे म्हणून नातवंडांची सारी जबाबदारी न विचारता तिच्यावर सोपवली जाते. तिचे गुडघे, तिचा रक्तदाब, तिची दुपारची विश्रांती यांकडे दुर्लक्ष होते. ऑर्का आजी थकली तरी तिला बोलून दाखवता येत नाही. आपल्या आजीला ते येते, पण अनेकदा ती संकोचाने गप्प राहते. तेव्हा तिला आपणच विचारावे, आणि ती 'आज नको' म्हणाली तर ते मनापासून स्वीकारावे. अंथरुणाला खिळल्यामुळे जिला आता काहीच करता येत नाही, तिचा मानही तिच्या उपयोगावर अवलंबून ठेवू नये. एवढे तरी माणसाला समुद्रातील प्राण्यांच्या पुढे जाऊन साधता यायला हवे.