कोरडी गळती

आंबा गावाकडे तोंड करून रात्री ट्रक उभा केला की सकाळी सुरू होत नाही. तोच मलकापूरकडे तोंड करून ठेवला की एका सेल्फात चालू होतो. शाहूवाडी तालुक्यात, कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्याच्या चढावर एखादा जुना ट्रक असा हट्टीपणा करू लागला, तर माणूस चक्रावतो. बॅटरी तीच, डिझेल तेच, थंडीही तेवढीच. मग बंपरचं लिंबू-मिरची बदलून बघण्याचा मोह होतोच. पण तक्रार अगदी खरी असू शकते, आणि तिचं उत्तर डिझेल इंजिनाच्या पोटातल्या एका विलक्षण व्यवहारात आहे.

पेट्रोलच्या गाडीत ठिणगी टाकायला प्लग असतो. जुन्या डिझेल ट्रकच्या सिलिंडरात डिझेल पेटवायला बाहेरून काहीच येत नाही. पिस्टन वर येतो, हवा सतरापट दाबतो, आणि त्या दाबण्यानेच ती तापते. गणित करून पाहा: २७ अंशांची हवा, तिची उष्णता कुठेच निसटली नाही असं धरलं, तर सुमारे ६५० अंशांवर जाते. प्रत्यक्षात सिलिंडरच्या थंड भिंती काही उष्णता खातात, रिंगांच्या फटीतून थोडी हवा पळते, आणि आकडा बराच खाली येतो. तरी डिझेल पेटायला तो पुरतो. अट एकच: हे सगळं झटपट व्हायला हवं. सेल्फ इंजिनाला मिनिटाला दीडशे फेरे देत असेल, तर हवा दाबायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. बॅटरी उतरली, टर्मिनलवर पांढरी बुरशी चढली किंवा अर्थिंगची तार सैल झाली, आणि फेरे निम्म्यावर आले, की तोच वेळ दुप्पट होतो. तेवढ्यात उष्णता भिंतींत जिरते. म्हणून ‘पंप गेला’ असं ठरवून कोल्हापूर गाठण्याआधी बॅटरीची टर्मिनलं घासून बघावीत. हा सल्ला फार साधा आहे, म्हणूनच तो कुणी पाळत नाही.

थंडीत काही चालक हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरतात. हे धोक्याचं आहे आणि मी ते कुणाला सुचवणार नाही; पण त्यामागचं शास्त्र भन्नाट आहे. आत शिरणारी हवा वीस अंशांनी गरम केली, की दाबल्यानंतरचं तिचं तापमान त्याच हिशेबाने साठ अंशांनी वाढतं. इंजिन दारातल्या एका अंशाचे आत तीन करून देतं. ईथरचा फवारा मारण्याची युक्ती मात्र मला अजिबात पटत नाही. ते वेळेआधीच भडकतं, आणि जुन्या इंजिनाच्या रिंगा त्या दणक्याने तुटू शकतात.

हवा तापली, आता डिझेल. सहा सिलिंडरच्या ट्रकमध्ये एका वेळी एका सिलिंडरात जेमतेम एक थेंब जातो, साठ-सत्तर घन मिलिमीटर. बारा-पंधरा टनांचा भार घाटात चढतो तो या थेंबांवर. पण थेंब नुसता टपकून चालत नाही, त्याचं धुकं व्हावं लागतं. त्यासाठी नोझलमधली स्प्रिंगने दाबून धरलेली सुई उचलायला वातावरणाच्या दोनशेपट दाब लागतो. तो दाब प्लंजर आणि बॅरल ही पंपातली जोडी तयार करते. दोघांमधली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजतात: दोन ते चार. तिथे रबर नाही, पॅकिंग नाही; धातूवर धातू इतका नेमका घासलेला की दोनशेपट दाबालाही सहज वाट सापडू नये. आणि या जोडीला वंगण पुरवतं ते खुद्द डिझेलच.

रुडॉल्फ डिझेल याने १८९७ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्गला आपलं इंजिन यशस्वी करून दाखवलं, तेव्हा हा पंप नव्हता. त्याने इंधन सिलिंडरात ढकललं ते दाबलेल्या हवेच्या झोताने. त्या हवेसाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे, आणि असलं धूड रस्त्यावरच्या गाडीत मावणं अवघड होतं. १९२७ साली रॉबर्ट बॉश कंपनीने डिझेल पंपाचं मोठं उत्पादन सुरू केलं, आणि ट्रकला डिझेल इंजिन बसवणं व्यवहारात आलं. आपल्याकडे १९५१ मध्ये बंगळुरात असे पंप बनवणारी मायको कंपनी उभी राहिली. १९५४ मध्ये टेल्को कंपनीने डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपुरात ट्रक बांधायला घेतले. मायकोचं नाव २००८ मध्ये बदलून बॉश झालं, पण जुन्या मिस्त्रींच्या तोंडी तो पंप अजून ‘मायकोचा’च आहे.

यातली गंमत बघा. सुरुवातीला ज्या हवेने डिझेल आत पोचवलं, तीच हवा आता डिझेलची कट्टर वैरी आहे.

दोनशेपट दाब दिला तरी डिझेल फार तर शेकडा दीड भागाने आकसतं. त्यामुळे प्लंजरने इकडे रेटलं की तिकडे नोझलची सुई उचलते. हवा मात्र दाबली की दबते, जवळजवळ नाहीशी होईपर्यंत. पंपापासून नोझलपर्यंतच्या नळीत साबुदाण्याच्या दाण्याएवढा जरी बुडबुडा अडकला, तरी त्याचं आकारमान प्लंजरच्या एका फटक्याच्या डिझेलएवढं भरतं. फटका सगळा त्या बुडबुड्याला चेपण्यात खर्च होतो, दाब दोनशेपर्यंत पोचत नाही, सुई जागची हलत नाही. पुढच्या क्षणी प्लंजर मागे जातो आणि बुडबुडा पुन्हा फुगतो. तुम्ही सेल्फ मारत राहता, आतमध्ये हवा नुसती वरखाली होत राहते. ‘गाडीनं एअर धरलीय’ म्हणतात ते हेच.

पण ही हवा आली कुठून? टाकीतलं डिझेल मुख्य पंपाला पुरवतो तो फीड पंप. टाकीपासून त्याच्यापर्यंतच्या पाइपात डिझेल ढकललं जात नाही, ओढलं जातं. म्हणजे त्या पाइपात बाहेरच्यापेक्षा दाब कमी. तिथे बारीक भोक पडलं तर चालू इंजिनात डिझेल बाहेर येत नाही. बाहेरची हवा आत जाते. खाली थेंब नाही, डाग नाही, वास नाही. फीड पंपाच्या पुढे गळती असेल तर ती ओली दिसते, कुणीही बोट ठेवून दाखवेल. मागची गळती कोरडी असते. इंजिन पळत असताना ती लपून राहते, कारण जास्तीचं डिझेल टाकीकडे परत वाहतं आणि थोडीफार हवा आपल्याबरोबर घेऊन जातं. गाडी रात्रभर उभी राहिली की मग ती डाव साधते. भोकातून हवा हळूहळू शिरते आणि पाइपातलं डिझेल आपल्या वजनाने टाकीत परत उतरतं.

चढावरच्या ट्रकचं कोडं इथे सुटतं. आंब्याकडे तोंड म्हणजे नाक वर: इंजिन उंचावर, टाकी खाली. डिझेलला मागे उतरायला उतार मिळतो. मलकापूरकडे तोंड केलं की टाकीच वर येते, आणि पाइप भरलेला राहतो. भोक दोन्ही रात्री तेच असतं.

“मिस्त्री, गाडी सुरू हुईना झालीया.”

“सेल्फ मारताना धूर येतोय का? कसल्या रंगाचा?”

जाणता मिस्त्री पान्याला हात घालण्याआधी हे विचारतो, आणि अर्धं निदान त्यातच होतं. सेल्फ फिरतोय पण धूर अजिबात नाही, म्हणजे सिलिंडरात डिझेलच पोचत नाही. मग आधी स्टॉपरची तार बघायची, ती पूर्ण आत गेली आहे ना. नंतर टाकी, फिल्टर, हवा. पांढरा धूर म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही: कंप्रेशन बसलंय, फेरे कमी पडतायत, टायमिंग सरकलंय किंवा पाणी आलंय. गाडी सुरू होऊन काळा धूर ओकत असेल तर एअर फिल्टर तुंबलाय किंवा नोझल फवारण्याऐवजी टपकतंय.

धूर नसेल तर हँड प्रायमर मारून, फिल्टरवरचा स्क्रू सैल करून फेस जाईपर्यंत हवा काढतात. गाडी सुरू होते, सगळे खूश. पण हवा काढणं म्हणजे गळती काढणं नव्हे, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. खरी परीक्षा अशी: डिझेलचा एक कॅन उंचावर पक्का बांधायचा आणि त्यातून थेट फीड पंपाला पाइप जोडायचा. आता ट्रक कोणत्याही तोंडाने ठेवला तरी सुरू होत असेल, तर दोष टाकीकडच्या लाइनीत आहे. फीड पंपाआधी पारदर्शक पाइपचा तुकडा जोडला तर बुडबुडे डोळ्यांनी मोजता येतात. गुन्हेगार बहुधा मामुली निघतो: कडक होऊन चिरलेला रबरी पाइप, चासीला घासून झिजलेली नळी, बंजो बोल्टखाली पुन्हा वापरलेलं तांब्याचं वॉशर. माझ्या मते यातला सगळ्यात लबाड दोष टाकीच्या आत असतो. डिझेल ओढणाऱ्या उभ्या नळीला मध्यावर चीर गेली, तर टाकी भरलेली असेतो ती डिझेलमध्ये बुडालेली राहते आणि काहीच बिघडत नाही. टाकी अर्ध्याखाली आली की गाडी हवा ओढू लागते. डिझेल भरलं की रोग बरा!

नोझलच्या नळीचे नट सैल करून सिलिंडर तपासताना मात्र हात झोतापासून लांब ठेवावा. तो झोत कातडी भेदून डिझेल आत घुसवतो. जखम टाचणीएवढी दिसते, पण तडक दवाखाना गाठावा लागतो.

शाहूवाडीत या सगळ्याला पावसाची जोड आहे. हंगामात सोनवडे-बांबवड्याच्या किंवा वारणानगरच्या कारखान्याकडे ऊस ओढणारा एखादा ट्रक गाळप संपलं की पावसाळाभर उभा राहतो, अनेकदा अर्ध्या टाकीनिशी. दिवसा टाकीतली हवा फुगून बाहेर जाते, रात्री आकसते आणि बाहेरची दमट हवा आत येते. त्यातलं पाणी थंड पत्र्यावर धरतं आणि तळाशी जाऊन बसतं, कारण डिझेल पाण्याहून हलकं. मग जिथे पाणी आणि डिझेल एकमेकांना टेकतात, त्या सीमेवर चक्क वस्ती होते. अमॉर्फोथेका रेझिनी नावाची बुरशी पाण्यात राहते आणि वरचं इंधन खाते! विमानांच्या टाक्यांतही तिने उच्छाद मांडलेला आहे. तिचा चिकट गाळ दिवाळीच्या सुमारास पहिल्याच फेरीला फिल्टरमध्ये येऊन बसतो. पाणी पुढे गेलं तर आणखी वाईट, कारण पाण्याने प्लंजर गंजतो आणि वंगणाविना झिजतो. उपाय स्वस्त आहे: पावसाआधी टाकी काठोकाठ भरायची, म्हणजे दमट हवेला जागाच उरत नाही; आणि हंगामाआधी तळाचा बोल्ट काढून पाणी सोडायचं.

एक दुखणं उरलं, आणि ते आतापर्यंतच्या सगळ्याच्या उलट वागतं. सकाळी गारठ्यात गाडी झटक्यात सुरू होते. पण घाट चढून आंब्याला चहाला थांबलात, की गरम इंजिन सेल्फ मारमारूनही धरत नाही. इथे हवेचा दोष नाही. प्लंजर-बॅरलची फट झिजून वाढली आहे. गार डिझेल दाट असतं, त्या फटीतून फारसं निसटत नाही. तापलेलं पातळ होतं आणि सेल्फच्या संथ फेऱ्यात दाब तयार होण्याआधीच मागे गळतं. इंजिन एकदा पळू लागलं की प्लंजर इतका वेगाने मारतो की गळायला वेळच मिळत नाही, म्हणून वाटेत काही जाणवत नाही. विशेषतः रोटरी पंपाच्या गाड्यांत हे दिसतं. बंद इंजिनाच्या पंपावर ओलं फडकं टाकून थोडं थांबावं. गाडी सुरू झाली तर निदान पक्कं. मग पंप उतरवून कोल्हापूरला कॅलिब्रेशनला न्यायचा. तिथे लाइन पंप, म्हणजे दर सिलिंडराला वेगळा प्लंजर असलेला पंप, असेल तर तो बेंचवर फिरवून प्रत्येक लाइनीचं डिझेल काचेच्या वेगवेगळ्या नळ्यांत घेतात आणि पातळ्या जुळवतात. पंप खोलताना प्रत्येक प्लंजर त्याच्याच बॅरलशेजारी मांडून ठेवतात, कारण ते जोडीनेच घासून बनवलेले असतात. अदलाबदल झाली तर धडधाकट पंपही कामातून जातो.