परमुलखातला बट्टा: हालीपासून एटीएमपर्यंत

रेणापूरच्या माणसाला परक्या चलनाचा बट्टा बसू लागला तो पंढरीच्या वाटेवर. सप्टेंबर १९४८पर्यंत आपला हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. बाजारात हाली शिक्का चालायचा. बार्शी, सोलापूर, पंढरपूर हा इंग्रजी मुलूख, तिथे कलदार, म्हणजे इंग्रजी रुपया. सहा कलदारांना सात हाली, असा साधारण भाव. पदरच्या हालीचे कलदार करून घ्यायचे म्हणजे मोड करून देणाऱ्याचं काही ना काही देणं आलंच, आणि वाटेत अडलेल्याला घासाघीस करायला जागा नसायची. संस्थान विलीन झालं तरी हाली लगेच गेला नाही, तो १९५९पर्यंत चलनात राहिला. आज बँकॉकच्या एटीएमपुढे उभ्या असलेल्या आपल्या माणसाची अडचण मला या जुन्या अडचणीहून फार निराळी वाटत नाही.

त्याच १९५९ साली रिझर्व्ह बँकेने हजयात्रेकरूंसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या खास नोटा काढल्या. आखातात तेव्हा भारतीय रुपया चालायचा. त्याच्या आडून सोन्याची तस्करी होऊ लागली, म्हणून आखातासाठी आणि हजसाठी वेगळ्या नोटा आल्या. पुढे १९७३चा फेरा कायदा आला आणि परकीय चलन ही सरकारी परवानगीची वस्तू झाली. त्या काळात परदेशी निघालेल्या कित्येकांच्या खिशात अधिकृतपणे आठ डॉलर असायचे. एवढ्यावर शुल्क वाचवायची गोष्ट कोण करणार? ज्यांना जास्त चलन मिळायचं ते प्रवासी धनादेश घ्यायचे. ते सुरक्षित, पण घेताना कमिशन आणि वटवतानाही बहुधा कमिशन.

दार उघडलं ते जून २०००मध्ये फेराच्या जागी फेमा हा कायदा लागू झाल्यावर. २००४मध्ये रिझर्व्ह बँकेने सामान्य नागरिकाला वर्षाला २५ हजार डॉलर परदेशी पाठवायची किंवा खर्चायची मुभा दिली. ती मर्यादा आता अडीच लाख डॉलर आहे. आपल्याकडे बँक म्हणजे बराच काळ स्टेट बँक ऑफ हैदराबाद. १९४१ साली ती निघाली तेव्हा हालीचा कारभारही तिच्याचकडे होता. १ एप्रिल २०१७ रोजी ती स्टेट बँकेत विलीन झाली. खातेदाराच्या हाती तोवर कार्ड आलं होतं. त्या कार्डावर परदेशात काय काय कापलं जातं, हे मात्र कार्डासोबत कुणी नीट सांगितलं नाही. माझी खरी तक्रार इथे आहे.

एक हिशेब मांडून बघू. समजा, बँक परदेशी एटीएमच्या प्रत्येक व्यवहाराला १२५ रुपये घेते, वर चलनबदलाचे साडेतीन टक्के आणि या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर तिथल्या बँका आपलं शुल्क वेगळं लावतात, ते साडेपाचशे रुपयांच्या आसपास धरू. पाच हजार रुपयांएवढे बाट काढले, तर इकडचे ३५४ आणि तिकडचे साडेपाचशे मिळून नऊशे रुपये गेले. शेकडा अठरा! तेच एकदम पंचवीस हजारांचे काढले तर सतराशेच्या वर जातात, पण शेकडा सातच. चोरीच्या धास्तीने जो थोडे थोडे काढतो, तोच सगळ्यात जास्त भरतो. घरून पहिल्यांदा निघालेला, भीत भीत खर्च करणारा माणूस नेमका असाच वागतो.

त्यात मशीन विचारतं, ‘रक्कम रुपयांत वळवू का?’ रुपये दिसले की जिवाला बरं वाटतं. पण तो भाव त्या मशीनवाल्याचा असतो आणि बहुतेक वेळा आपल्या बँकेपेक्षा महाग पडतो. तिथे ‘नाही’ म्हणावं आणि त्या देशाच्याच चलनात रक्कम घ्यावी. फॉरेक्स कार्डावर चलन आधीच भरलेलं असल्याने त्याच चलनात काढताना चलनबदलाची टक्केवारी वाचते. एटीएमचं शुल्क बऱ्याच कार्डांवर तरीही असतं. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांपुरती रोकड लातूर, हैदराबाद किंवा मुंबईतल्या अधिकृत विक्रेत्याकडून दोन-तीन भाव विचारून घ्यावी. विमानतळावरच्या खिडकीवर ती सहसा महाग मिळते.

पण शुल्कापेक्षा मोठा घोर २०२२ने लावला. लातूर पॅटर्नच्या शिकवण्यांमधून ‘नीट’ परीक्षा दिलेली, इथे जागा न मिळालेली मुलं वैद्यकीय शिक्षणासाठी रशिया, युक्रेन, जॉर्जियाकडे जातात. २४ फेब्रुवारीला रशिया-युक्रेन युद्ध पेटलं, त्याच दिवशी युक्रेनच्या मध्यवर्ती बँकेने रोज एक लाख रिव्नियांपेक्षा जास्त रोकड काढायला मनाई केली. मार्चमध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने रशियातला कारभार थांबवला. बाहेरच्या देशांत दिलेली त्यांची कार्डं तिथे निरुपयोगी झाली. इकडे ऊसबिलातून साठवलेला पैसा खात्यावर होता, पण तिकडे पोराच्या हातात यायला वाट नव्हती. एकाच कार्डावर मूल परदेशी धाडू नये, हे तेव्हापासून मी ओळखीच्या प्रत्येक पालकाला सांगत आलो आहे.

हजयात्रेकरूंच्या बाबतीतही २०२३मध्ये बदल झाला. आधी हज कमिटी प्रत्येकाला २१०० रियाल देत असे. त्या वर्षापासून चलनाची सोय ज्याची त्याने करायची ठरलं, आणि स्टेट बँकेकडून रोकड किंवा फॉरेक्स कार्ड घ्यायची व्यवस्था झाली. पैसे किती न्यावे, हे ठरवणं यात्रेकरूच्या हाती आलं ते चांगलंच. पण आयुष्यात कधी एटीएमला हात न लावलेल्या साठीतल्या बाईला कार्डाचा पिन शिकवायचा कुणी?

यूपीआयने थोडा भार हलका केला आहे. २०२४मध्ये नेपाळ, श्रीलंका, मॉरिशसमधल्या दुकानांत क्यूआर स्कॅन करून पैसे देता येऊ लागले. लुंबिनीला आणि पशुपतिनाथाला जाणाऱ्या आपल्या यात्रेकरूंना याचा मोठा उपयोग झाला, कारण डिसेंबर २०१८मध्ये नेपाळने शंभराच्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली आणि खिशात पाचशेच्या नोटा घेऊन गेलेले अडकले. आधी अ‍ॅपमध्ये यूपीआयचा परदेशी व्यवहार मात्र सुरू करावा लागतो आणि भावात बँकेचा वाटा असतोच.

कार्डाचंही तसंच. २०२०पासून नवं कार्ड देशापुरतंच चालू स्थितीत मिळतं. निघण्याच्या आठवडाभर आधी रेणापूरच्या किंवा लातूरच्या शाखेत जाऊन परदेशी वापर सुरू करून घ्यावा, शुल्काचा तक्ता लेखी मागावा आणि बँकेत नोंदवलेल्या मोबाइलचं रोमिंग चालू ठेवावं. ओटीपी त्याच सिमवर येतो.